प्रति: डेबियन १२ वर नवा कर्नल
जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स सिस्टीम नवं वायफाय कार्ड ओळखत नाही, म्हणून कर्नल (हार्डवेअर हाताळणारा सिस्टीमचा गाभा) स्वतः कंपाइल करू का, म्हणजे मूळ कोडपासून बनवू का, असं विचारलंय तुम्ही. नका करू, पुढचं प्रत्येक सुरक्षा-अपडेट तुमच्याच गळ्यात पडेल. बॅकपोर्ट्समधला (नव्या आवृत्त्यांचा डेबियनचाच साठा) ६.१२ कर्नल घ्या आणि फर्मवेअरही (कार्ड चालवायला लागणारं त्याचं छोटं सॉफ्टवेअर) तिथूनच. बहुतेकदा घोडं फर्मवेअरपाशीच अडतं. नागपूरच्या सीताबर्डीवरून घेतलेल्या माझ्या ४ जीबी रॅमच्या मशीनवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आहे. नव्या कर्नलवर पहिल्यांदा स्क्रीन काळीच राहिली, ग्राफिक्सचं फर्मवेअर राहून गेलं होतं. ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना येणारा मेनू) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना ६.१ कर्नल निवडला आणि काम सुरू झालं. म्हणून जुना कर्नल काढू नका, खरंच. आणखी एक, यूएफडब्ल्यू हे फायरवॉल वेगळं टाकून चालू करावं लागतं. एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) वापरत असाल तर ते चालू करण्याआधी एसएसएचला परवानगी द्या.