शब्द हवा: सेफ्टी कपॅसिटर

टेबलफॅन:
मिक्सर दुरुस्तीच्या पुस्तिकेचं भाषांतर करतोय. मिक्सर फिरला की रेडिओ खरखरतो, ती खरखर दाबायला आत जो कपॅसिटर असतो त्याला मी 'सुरक्षा धारित्र' लिहिलं. मिस्त्रींना खर्डा दाखवला, तर म्हणाले, "म्हणजे हा बसवला की शॉक लागणार नाही!" आली का पंचाईत?

सोल्डरमास्तर:
तो सुरक्षा देत नाही हो, स्वतः मरताना दुसऱ्याला मारत नाही, एवढंच. फेज-न्यूट्रलमध्ये बसतो तो एक्स. तो शॉर्ट झाला तर फ्यूज जाईल, फार तर धूर निघेल. फेजपासून बॉडीला जातो तो वाय. तो शॉर्ट झाला आणि अर्थ तुटलेली असेल तर बॉडीत २३० व्होल्ट. म्हणून वायच्या जागी एक्स कधीच नको. आणि '६३० व्होल्ट डीसी' छापलेला साधा बघून 'भरपूर झाला की' म्हणू नका. एक्स२ या एक्सच्या पोटप्रकाराची चाचणी अडीच हजार व्होल्टच्या झटक्यांनी होते, वाय२ या वायच्या पोटप्रकाराची पाच हजारांच्या. 'निर्धोक' लिहा.

काकदृष्टी:
निर्धोक वाचून लोक हात लावतील. एक्समध्ये साठलेली वीज रिकामी करणारा रेझिस्टर उडालेला असेल तर प्लग काढल्यावरही पिना चावतात. स्वानुभव.

अनुस्वार:
मुळात धारित्र कोण बोलतं? आमचा पंखेवाला 'कंडेन्सर गेलाय' म्हणतो. व्होल्टाने १७८२ साली दिलेलं नाव, इंग्रजीने टाकलं, पंखेवाल्याने सांभाळलं.

शब्दकोशी:
पंखेवाला उद्या काहीही म्हणेल. 'व्यत्यय-शमन धारित्र' लिहा. (संधारित्र नको, ते हिंदी.)

अनुस्वार:
व्यत्यय म्हणजे मुळात उलटापालट! आणि शमन कसलं? खरखर शमत नाही, तिला जवळची वाट काढून दिली जाते. 'खरखरगिळ्या' म्हणा.

काकदृष्टी:
खरखरगिळ्या, झकास! आता कंप्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर जे होतं त्यालाही शब्द द्या. अर्थ नसली की वायमधून झिरपतं ते. ४.७ नॅनोफॅरडचा असेल तर जेमतेम पाव ते अर्धा मिलिअँपिअर, पण कळतं. आई म्हणते 'मुंग्या येतात'.

शब्दकोशी:
मुंग्या पाय अवघडल्यावर येतात. विजेच्या त्या झिणझिण्या.

टेबलफॅन:
मंडळी, पुस्तिका शुक्रवारी छपाईला जाते आहे.

शब्दकोशी:
हो हो. पण वर दोघांनी 'अर्थ' स्त्रीलिंगी केलाय. आमच्याकडे अर्थ तुटलेला असतो.

सोल्डरमास्तर:
अर्थिंगची वायर, म्हणून ती.

शब्दकोशी:
मग अर्थिंग तरी 'ते' ना?