पावसाळ्यानंतर शिडाची नौका बाहेर काढताना आधी काय तपासावे?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): आमची शिडाची नौका पावसाळाभर कोचीच्या मरिनात बांधलेली आहे. आता तिच्यावरच मुक्काम करत किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचे आहे. वडोदऱ्याहून तिथे फार आधी पोहोचणे शक्य नसल्याने कोणती कामे प्रथम घ्यावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: समुद्राचे पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरची, नौकेच्या तळातील प्रत्येक झडप हाताने पूर्ण बंद करून पुन्हा उघडून पाहा, कारण महिनोन्‌महिने न फिरवलेली झडप अडकून बसते आणि तिच्यापुढची नळी निसटली, तर आत येणारे पाणी रोखणे फार कठीण होते. प्रत्येक झडपेशेजारी त्या मापाचे लाकडी बूच दोरीने बांधून ठेवावे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातील रबरी इंपेलरची (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाची) पाती वाकून राहिली असतील, तर तो बदलाच.

उत्तर: डिझेलची टाकी विसरू नका. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेमुळे पाणी साचते, त्या पाण्याच्या थरावर जंतू वाढून काळपट गाळ तयार होतो आणि समुद्रात पहिल्याच हेलकाव्यांनी तो ढवळून फिल्टर तुंबवतो. जास्तीचे फिल्टर सोबत हवेतच.

उत्तर: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळे होतात, म्हणून माझ्या मते डिसेंबरात निघणेच श्रेयस्कर. व्हीएचएफ संच (नौकेवरचा रेडिओ) वाहिनी १६ वर, म्हणजे संकटात हाक देण्याच्या वाहिनीवर, लावून तपासा. तटरक्षक दलाचा समुद्रातील मदतीसाठीचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक घरच्यांनाही देऊन ठेवा. रात्री मात्र मासेमारीच्या जाळ्यांपासून सावध राहा.