न बोलणाऱ्या लहान मुलांना खुणा शिकवाव्यात का?

बालवाडीवाली_बाई
माझं मत आधीच सांगून टाकते: शिकवाव्यात, आणि वाचा फुटायची वाट न बघता शिकवाव्यात.

मी विशेष मुलांच्या बालवाडीत शिकवते. दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नाही म्हटल्यावर घराघरांत काय सुरू होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. वेखंड उगाळून मधातून चाटवा, जीभ जड आहे, त्याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता! यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. तेवढ्या काळात त्या पोराला तहान लागते, कान ठणकतो, स्वेटर टोचतो. सांगायला त्याच्याकडे रडणं आणि चावणं एवढंच असतं. मग आमच्याकडे येताना 'फार हट्टी आहे हो' असा शेरा घेऊन येतं.

पद्धत सोपी आहे. आपण नेहमीसारखं पूर्ण वाक्य बोलायचं, खूण फक्त मुख्य शब्दाला. 'चल, पाणी पिऊया' म्हणताना हात हलतो तो 'पाणी'ला. ब्रिटनमध्ये मार्गारेट वॉकर या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात हीच रीत मॅकेटॉन या नावाने बसवली. डाऊन सिंड्रोमच्या मुलांना तर ती फार उपयोगी पडते. त्यांना कळत असतं पुष्कळ, पण तोंडाचे स्नायू सैल, शिवाय कानात पाणी साठून ऐकूही कमी येतं. जिभेच्या आधी हात त्यांचं ऐकायला लागतात.

अण्णा_कोल्हापूर
बाई, तळमळ पटली, मुद्दा पटला नाही. गरज पडल्याशिवाय कोण बोलतं? आमच्या नातवानं नुसतं बोट दाखवलं की सून धावत जाऊन वस्तू आणून देते. आता त्यात खुणांची भर घातली तर तो तोंड उघडेल कशाला? मागितल्याशिवाय द्यायचं नाही, असं आम्हाला थेरपिस्टनीच सांगितलंय.

बालवाडीवाली_बाई
अण्णा, ही भीती जुनी आहे आणि तपासूनही झाली आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर या तिघा संशोधकांनी २००६ साली खुणा, चित्रं, यंत्रं अशा पर्यायी साधनांवरचे तोवरचे अभ्यास चाळले. कसोटीला उतरलेल्या अभ्यासांत माणसं होती २७. त्यांतल्या ८९ टक्के जणांचं बोलणं वाढलं, उरलेल्यांचं होतं तिथेच राहिलं. घटलं असं एकाचंही नाही.

'मागितल्याशिवाय द्यायचं नाही' हे कंटाळा करणाऱ्या मुलाला एक वेळ ठीक. ज्याला शब्द जमतच नाही त्याच्या बाबतीत ती नुसती उपासमार आहे, राग मानू नका.

टिकोजी
२७ माणसं! एवढ्यावर 'तपासून झालं' म्हणणं जरा धाडसाचं. शिवाय लहान मुलांचं बोलणं वयानुसार थोडंफार वाढतंच. खुणांमुळेच वाढलं हे कशावरून?

बालवाडीवाली_बाई
खुणांमुळे बोलणं येतं असा दावा मी केलेलाच नाही. वाढ झाली तीही बऱ्याच जणांची बेताचीच होती. अण्णांना धास्ती होती घटण्याची, तिला उत्तर दिलं. आणि समजा, अजिबात नाही आलं बोलणं, तरी दुखतं कुठे ते सांगता आलं की नाही?

ठाण्याची_आई
मी विरोधातच लिहिणार आहे, पण कारण वेगळं. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. नक्कल करणंच त्याला अवघड, बोटंही पटकन वळत नाहीत. क्लासमध्ये त्याचे हात धरून खूण करून घ्यायचे आणि तो हात ओढून टेबलाखाली घालायचा. महिनोन्‌महिने खपून खूण आली एक, 'अजून'. मग सगळ्यालाच 'अजून'. पोळी हवी, अजून. झोका हवा, अजून. शू लागली तरी अजून!

शेवटी चित्रांवर आलो. आधी कार्डं, मग आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो अ‍ॅप. ते फुकट आहे, मराठीत बोलतं. चित्राचा मोठा फायदा असा की समोरच्याला काही शिकावं लागत नाही. आत्या असो, रिक्षावाले काका असोत, दाबलं की ऐकू येतं. खूण फक्त मला आणि टीचरला कळायची, म्हणजे जगात दोन माणसं.

बालवाडीवाली_बाई
हात धरून करून घेणं चूकच. आपण खूण करून दाखवायची, थांबायचं आणि अर्धवट जमली तरी मान्य करायची. आणि 'अजून'पासून सुरुवात करणाऱ्या क्लासेसवर माझा जुना राग आहे. मुलाला 'अजून' येतं आणि आपण खूश, पण कशाचं अजून हे सांगायला त्याच्याकडे शब्दच नसतो. आधी त्याच्या आवडीच्या वस्तू शिकवाव्यात आणि सोबत 'नको'. 'नको' आलं की चावणं कमी होतं, हे मी वर्गात नेहमी बघते. नक्कल जमत नसेल तर चित्रं आधी, यात वाद नाही. पण फोन आंघोळीच्या वेळी हातात नसतो आणि तापात पडलेलं मूल तो शोधत बसत नाही.

नाशिकची_ताई
माझा धाकटा भाऊ कर्णबधिर आहे, म्हणून मध्येच बोलते. पहिलं म्हणजे, न बोलणाऱ्या मुलाचे कान तपासलेत का? बाकी सगळं त्यानंतर. 'टाळी वाजवली की वळून बघतो' ही तपासणी नव्हे. आणि मूल कर्णबधिर निघालं तर वाक्यातल्या एका शब्दाला खूण करून भागणार नाही. त्याला पूर्ण भाषा हवी. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, ती मराठीची हातांनी केलेली नक्कल नाही. १८८० साली इटलीतल्या मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षणावर परिषद भरली, तिच्यात बहिऱ्यांच्या शाळांमधून खुणा हद्दपार करायचं ठरवलं तेव्हाही कारण हेच दिलं होतं, की खुणा केल्या तर मुलं बोलणार नाहीत. अण्णा, तुमचा मुद्दा एवढा जुना आहे.

दुसरं म्हणजे, यूट्यूबवरचे अमेरिकी व्हिडिओ बघून खुणा शिकवू नका. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश व्हिडिओसकट फुकट बघता येतो. २०२१ पर्यंत त्यात १०,००० शब्द झाले होते. तिथून घ्या, म्हणजे उद्या तुमच्या मुलाला कळणारं घराबाहेरही कोणीतरी भेटेल.

टिकोजी
हे बरोबर वाटतं, पण अडीच वर्षांच्या मुलाला दोन हातांची नेमकी खूण जमणार का? ज्याला एकच हात नीट उचलता येतो तो काय करणार?

नाशिकची_ताई
त्याला जमेल तशी तो करेल. बाळ 'पाणी'ला 'मम' म्हणतं तेव्हा आपण त्याला शुद्ध मराठीचा आग्रह धरतो का? मोठ्यांनी मात्र नीट करायची.

सेविका_धुळे
मी अंगणवाडीत आहे. आमच्याकडे आरबीएसकेचं, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीचं, पथक वर्षातून दोनदा येतं, न बोलणाऱ्या मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसीला, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवतं. एसटीनं जायचं म्हणजे आईची दिवसभराची मजुरी बुडाली. एकदा जातात, दुसऱ्यांदा जात नाहीत. अ‍ॅप चांगलं असेल, पण घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात. खुणेला काही लागत नाही. आहाराच्या वेळी मी 'पुरे' आणि 'अजून वाढू?' हाताने विचारते. बाकीची पोरं तर लगेच उचलतात आणि मग तीच त्याला विचारतात.
फक्त आम्हाला हे कोणी शिकवलेलं नाही. मी माझ्या मनाने केलं. नाशिकच्या ताई म्हणतात तशा खुणा बरोबर आहेत का, माहीत नाही.

अण्णा_कोल्हापूर
मिलानचं माहीत नव्हतं. कान तपासलेत, ठीक आहेत. पण एक व्यवहाराचं बोलतो. सून करेल हो खुणा. मुलगा रात्री नऊला येतो, हिला डोळ्यांनी कमी दिसतं, माझी बोटं संधिवातानं वाकडी. एकटी आई किती दिवस हात हलवत बसेल? तुमच्या अभ्यासातल्या लोकांच्या घरी बहुतेक आजी-आजोबा नसावेत.

बालवाडीवाली_बाई
वाकड्या बोटांनी केलेली खूणही मुलाला कळते, अण्णा. शंभर खुणा नकोत, जेवणाच्या ताटावर लागतील तेवढ्याच घ्या. पण एकट्या आईवर सगळं पडलं तर खुणा टिकत नाहीत, हे मात्र मी बघितलंय.

ठाण्याची_आई
मग माझाच मुद्दा झाला की! माझ्या मुलाच्या कमरेला किल्ल्यांच्या कडीत चार लॅमिनेट केलेली चित्रं असतात: नको, पाणी, शू, दुखतंय. चार्जिंग लागत नाही, पावसात भिजत नाहीत, आंघोळीलाही चालतात. शाळेतल्या मावशी पहिल्याच दिवशी त्याला बरोबर बाथरूमला घेऊन गेल्या. सेविकाताई, फोटो टाकते, झेरॉक्सवाल्याकडे होईल.