सिग्नलच्या एलईडीत बचत होते कुठे?
काही जण म्हणतात की चौकातल्या वाहतूक सिग्नलमधे एलईडी दिवे लावण्याचा फायदा फक्त वीजबिलापुरता, ते अजिबात पटलं नाही. जुन्या सिग्नलमधे 100-150 वॉटचा बल्ब आणि पुढे रंगीत काच, म्हणजे लाल दिव्याचा बराचसा उजेड काचेतच वाया जायचा, लाल एलईडी मुळात लालच उजेड देतो म्हणून 10-15 वॉटमधे काम भागतं. शिवाय बल्ब उडाला की तो दिवा पूर्ण बंद, इथे एलईडीचे चार दाणे (एका दिव्यातले छोटे छोटे एलईडी) गेले तरी बाकीचे चालूच, हा लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे हो! बर्फाळ भागात मात्र समोरून उष्णता नसल्याने काचेवर बर्फ साचतो, त्याची सोय करावी लागते. दुकान, गोडाऊनसाठी एलईडी दिवे घेताना ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारं सर्किट) आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) नीट बघा, बहुतेकदा चिपच्या, म्हणजे उजेड देणाऱ्या एलईडीच्या, आधी ड्रायव्हरच जातो.