पदवीनंतर एमपीएच: मराठवाड्यातल्या पोरांनी दोन वर्षं घालावीत का?

बालाघाटी
बीएएमएस, बीडीएस, बीएस्सी नर्सिंग झालेली बरीच पोरं सध्या 'मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ'चे (एमपीएच, सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) फॉर्म भरायलेत. माझं मत आधीच सांगतो, मग भांडा. ज्याला जिल्ह्यातच नोकरी करायची आहे त्याच्यासाठी हा सौदा तोट्याचा आहे.

हिशेब मांडतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या गेल्या काही वर्षांतल्या जाहिराती काढा. शाळा-अंगणवाडी तपासणीच्या पथकातला बीएएमएस वैद्यकीय अधिकारी, मानधन २८,०००. जिल्हा साथरोगतज्ज्ञ, म्हणजे एपिडेमिऑलॉजिस्ट, मानधन ३५,०००. फरक ७,००० चा, वर्षाला ८४,०००. एमपीएचसाठी दोन वर्षं घरी बसलात तर २८,००० प्रमाणे ६ लाख ७२ हजार बुडाले. ते भरून निघायलाच आठ वर्षं लागतात, आणि यात फी, खोलीभाडं, मेस काहीच धरलेलं नाही. त्यात जागा किती? जिल्ह्याला एक. मराठवाड्याचे जिल्हे आठ. महापालिकांच्या थोड्या वाढवा.

आता उपकेंद्रावरचा समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) बघा. बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंगवर सहा महिन्यांचा कोर्स, २५,००० ठोक आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत. पूर्ण मिळाले तर ४०,०००. म्हणजे दोन वर्षं शिकून आलेल्यापेक्षा जास्त. यावर कोणी बोलत नाही.

दुधना
हिशेब बरोबर, पण सोयीचा आहे. ते १५,००० रुपये कामाचे निर्देशांक पूर्ण झाले तरच मिळतात. ऑनलाइन नोंद अडकली, गोळ्यांचा साठा संपला, की पहिली कात्री तिथेच लागते. आणि सीएचओला पुढची पायरी कुठं आहे? आज सीएचओ, दहा वर्षांनीही सीएचओ.

मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. साथरोगतज्ज्ञाचं काम हे मानधनाच्या रकान्यात मावणारं नाही. उन्हाळ्याच्या शेवटी एखाद्या गावात पन्नास माणसं जुलाब-उलटीनं आजारी पडली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ग्रामपंचायत घाबरून आधी विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ओतते आणि मग पाण्याचा नमुना भरते. अहवाल येतो 'पिण्यायोग्य'. येणारच! तिकडे रुग्णांना आधी अँटिबायोटिक सुरू होतं, दोन दिवसांनी शौचाचा नमुना जातो, त्यात काहीच वाढत नाही. साथ कशानं आली हे कागदावर कधीच येत नाही आणि पुढच्या वर्षी त्याच वस्तीत पुन्हा येते.

शिकलेला माणूस उलट क्रमानं जातो. आधी पाण्याचा नमुना, निर्जंतुक बाटलीत आणि क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट घातलेल्या. मग टीसीएल. औषधाआधी दोन-चार रुग्णांच्या शौचाचे स्वॅब कॅरी-ब्लेअर माध्यमात, म्हणजे प्रयोगशाळेपर्यंत जंतू जिवंत राहतात. मग 'रुग्ण' कुणाला म्हणायचं त्याची व्याख्या, नाव-वय-वस्ती-लक्षण सुरू झाल्याची तारीख अशी यादी, तारखेनुसार आलेख, आणि वस्तीनिहाय दर. वरच्या गल्लीत १०० पैकी ४, खालच्या गल्लीत १०० पैकी ३१ निघाले की पाइपलाइन कुठं फुटली हे शोधायला अख्खं गाव खोदावं लागत नाही.

बालाघाटी
छान लिहिलंत. पण यातलं अर्धं जुन्या आरोग्य सहायकाला तोंडपाठ असतं. पाण्यातला क्लोरीन बघायची ओटी टेस्ट कशी करायची, १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, तासाभरानं पाणी सोडायचं, टाकीजवळ नव्हे तर शेवटच्या नळाला क्लोरीन बघायचं, पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडतो, २० टक्क्यांच्या खालची पावडर परत करायची. गावाला लाल, पिवळं, हिरवं कार्ड देणारं पाण्याचं सर्वेक्षण तोच करतो. त्याला एमपीएच नाही. उलट एमपीएच करून आलेल्यांपैकी किती जणांनी ओटीची बाटली हातात धरलेली असते?

दुधना
सहायकाला 'कसं' माहीत असतं, मान्य. पण ३१ आणि ४ चा फरक योगायोगानं पडू शकतो का, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षणात आरोग्य सेवक एस फॉर्म भरतो, डॉक्टर पी, प्रयोगशाळा एल. २०२१ पासून हे सगळं आयएचआयपी या केंद्राच्या आरोग्य माहिती पोर्टलवर रोज जातं. भरणारे पुष्कळ आहेत. वाचणारा कोण? एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडून सलग महिनाभर तापाचे शून्य रुग्ण आले तर तिथं ताप नाही असं समजायचं, की फॉर्म भरणारा रजेवर आहे असं समजायचं? हा प्रश्न विचारणारं माणूस जिल्ह्यात एक तरी हवं की नको?

मांजरा_काठ
दोघंही बीएएमएस धरून बोलायलात. बीएस्सी, बीएसडब्ल्यूची (समाजकार्य पदवीची) लेकरं फसतात ती वेगळ्याच ठिकाणी, ते सांगतो.

जाहिरातीतली पात्रतेची ओळ नीट वाचा. साथरोगतज्ज्ञ आणि शहरी सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापक या दोन्ही पदांना सहसा लिहिलेलं असतं: 'कोणताही वैद्यकीय पदवीधर, सोबत एमपीएच किंवा एमएचए किंवा हेल्थमधलं एमबीए'. सुरुवात 'वैद्यकीय पदवीधर' इथून आहे. बीएस्सी मायक्रोबायोलॉजीवर एमपीएच केलं तर अर्ज छाननीतच बाद. प्रवेश देणारी संस्था हे सांगत नाही, कारण कोणत्याही पदवीवर प्रवेश चालतो हे तिचं म्हणणं खोटं नसतं. प्रवेशाची पात्रता आणि नोकरीची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं, त्याच ओळीत 'किंवा' आहे. एमएचएवाला (रुग्णालय प्रशासनातली पदव्युत्तर पदवी) आणि एमबीएवाला तुमच्याच रांगेत उभा असतो, आणि निवड बहुतेक वेळा पदवीच्या टक्क्यांवर आणि अनुभवाच्या गुणांवर होते. तिथं प्रबंध किती चांगला होता हे कोणी विचारत नाही.

तिसरं एमबीबीएसवाल्यांसाठी. एमपीएच म्हणजे एमडी पीएसएम (मेडिकलमधला सामाजिक व प्रतिबंधक वैद्यकशास्त्राचा विषय) नव्हे. मेडिकल कॉलेजात त्या विभागात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एमडी किंवा समकक्ष डीएनबी लागते. वैद्यकीय आयोगाच्या लेखी एमपीएच ही पदव्युत्तर वैद्यकीय पदवी नाही. नीट-पीजीत पीएसएमची जागा मिळत असेल तर ती सोडून एमपीएचकडे जाणं मला तरी कळत नाही.

रेणापूरकर
मांजरा_काठ यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त एक जोडतो: एमपीएच 'करावं का' यापेक्षा 'कुठलं' यावर जास्त अवलंबून आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९७ पासून चालतं, मुंबईत टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), दिल्लीत जेएनयू, चंडीगढला पीजीआय, पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ. यांची तुलना दोन खोल्यांत चालणाऱ्या कोर्सशी होत नाही. टिसचं तुळजापूरला आवार आहे, पण एमपीएच मुंबईला आहे, हा घोटाळा दरवर्षी होतो.

फी भरण्याआधी चार गोष्टी विचारा. जीवसांख्यिकी शिकवणारा पूर्णवेळ आहे की शनिवारी येणारा? इंटर्नशिप कुठं, आणि तिथं प्रत्यक्ष माहिती हाताळायला मिळते की फक्त स्वागताचे फोटो? आर किंवा स्टाटा या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरवर हात बसवतात का? मागच्या दोन तुकड्यांतली पोरं आज कुठं आहेत? नावं नका मागू, पदं मागा.

आणि जुने प्रबंध बघायला मागा. नमुना आकार बघितला की संस्था कळते. सगळ्यांचा ३८४ असेल तर समजून जा. ३८४ हा आकडा प्रमाण ५० टक्के धरून आणि ५ टक्के चूक चालवून येतो, तोही सरसकट यादीतून माणसं निवडली तर. तुम्ही वीस गावं निवडून प्रत्येक गावातली घरं घेतलीत तर एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. म्हणून आकडा साधारण दुपटीनं वाढवावा लागतो, ७६८. घरी न सापडणारे १० टक्के धरले की साडेआठशेच्या वर. आपल्याकडं तर दिवाळीनंतर निम्मी वस्ती ऊसतोडीला गेलेली असते. डिसेंबरात सर्वेक्षण केलं की मागं म्हातारी आणि लहान लेकरं उरतात, आणि 'गावात गरोदर बायका कमी' असा निष्कर्ष निघतो. अशा प्रबंधांना पदवी मिळते ही खरी अडचण आहे.

बालाघाटी
ऊसतोडीचं काढलंत ते बरं केलंत. बीडच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय बघा. २०१९ मध्ये सरकारनं समिती नेमली, ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या तपासणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा विषय बाहेर कोणी आणला? कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी. एमपीएचवाल्यांनी नव्हे. मग या पदवीचा आम्हाला उपयोग काय?

दुधना
विषय बाहेर आणला कार्यकर्त्यांनी, त्याचं श्रेय त्यांचंच. पण पुढं काय झालं ते बघा. तो आकडा जवळपास १७ टक्के येतो. लगेच सगळीकडं तुलना सुरू झाली, देशाचा आकडा ३ टक्क्यांच्या आसपास आणि बीडचा १७. देशाचा ३ टक्के हा १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायकांचा आहे, त्यात लग्न न झालेल्या सोळा वर्षांच्या मुलीही येतात. दुसरीकडं ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, त्यांचा वयोगट वेगळा. वय सारखं न करता दोन आकडे शेजारी ठेवले की खाजगी दवाखान्यांच्या बाजूनं बोलणाऱ्याला 'तुमची तुलनाच चुकीची' म्हणायला जागा मिळते. वयोगटानुसार फोड केली, तिशीच्या आतल्या किती ते वेगळं काढलं, तर तीच गोष्ट जास्त जोरात सांगता येते आणि खोडता येत नाही. हे काम कार्यकर्त्याचं नाही, याच पदवीचं आहे.

तसंच बालविवाहाचं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास, परभणीचा ४८. त्या जिल्ह्यात कमी वजनाची बाळं, रक्तक्षय, बाळंतपणातली गुंतागुंत यांची कार्यक्रमपत्रिका राज्याच्या सरासरीवर कशी चालेल? जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो मागच्या वर्षीचा, तारीख बदललेला असतो.

बालाघाटी
तुम्ही गरज सांगताय, मी नोकरी विचारतोय. गरज आहे म्हणून पद निघतं असं असतं तर आपल्याकडं प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ असता. केंद्रानं २०२२ मध्ये सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन केडरचा (वेगळ्या सेवा-संवर्गाचा) आराखडा राज्यांना दिला. आराखड्यावर भाकरी भाजत नाही. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचं संचालनालय वेगळं आहे आणि कायदा १९३९ चा आहे, तिथं ही पदवी घेऊन चढायला शिडी आहे. इथं अभियानाचा करार अकरा महिन्यांचा. १० वर्षं झालेल्यांना नियमित सेवेत समायोजनाचा निर्णय २०२४ च्या मार्चमध्ये निघाला, तरी २०२५ च्या ऑगस्टमध्ये लोकांना संपावर बसावं लागलं.

स्वयंसेवी संस्थांकडं जाऊ म्हणाल, तर २०२५ मध्ये अमेरिकेनं आपली परदेशी मदत संस्था यूएसएड बंद केल्यापासून क्षयरोग, एचआयव्ही, माता-बाल आरोग्यातले परदेशी पैशावरचे प्रकल्प आटलेत. त्या प्रकल्पांतून बाहेर पडलेली अनुभवी माणसं आता नव्या पोरांच्याच जागांवर अर्ज करायलीत.

गोदातीर
परदेशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. इंग्लंडमध्ये एक वर्षाचं असतं, अमेरिकेत बहुधा दोन, सीईपीएच (तिथली सार्वजनिक आरोग्य शिक्षणाची मान्यता संस्था) मान्यता असेल तर किमान ४२ क्रेडिट. अमेरिकेला जाणाऱ्यानं एक बघावं: साध्या 'पब्लिक हेल्थ' शाखेला शिक्षणानंतर कामाची परवानगी १२ महिने, एपिडेमिऑलॉजी किंवा बायोस्टॅटिस्टिक्स या शाखांना स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित गट) म्हणून आणखी २४. प्रवेशपत्रावर शाखेचा सांकेतिक क्रमांक कोणता पडतो ते आधी विचारा, नंतर बदलत नाहीत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, राज्यात ७५ जागा, विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट. कर्ज काढून जाणाऱ्याला मात्र मी नको म्हणेन. परत येऊन ३५,००० च्या पदावर तो हप्ता फिटत नाही.

मांजरा_काठ
@बालाघाटी, तुमचा आठ वर्षांचा हिशेब मला अजून खटकतो. तो नोकरी सोडून शिकणाऱ्याचा आहे. आधी दोन-तीन वर्षं पथकात काम, मग एमपीएच, असं केलं तर अनुभवाचे गुण लागतात आणि ती पदं फक्त आपल्याच जिल्ह्यात नाहीत, अर्ज राज्यभर करता येतो. खुल्या गटाला वय ३८ पर्यंत, राखीवला ४३ पर्यंत, त्यामुळं घाई नाही. पदवीनंतर थेट जाणाऱ्याचं नुकसान होतं हे मान्य.

बालाघाटी
तेवढं घेतो. अनुभव असलेला बीएएमएस, सरकारी संस्था, फी कमी: करा. बाकी बीएस्सीवाल्यांनी आधी मागच्या तीन वर्षांच्या जाहिराती जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावरून काढून, पात्रतेच्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारून बघाव्यात.

दुधना
आणि सरकारी संस्थेत जागा नाही मिळाली तर? तोपर्यंत परभणीच्या पोर्टलवर आलेले ते शून्य रुग्ण कोण वाचणार, याचं उत्तर अजून तुम्ही दिलेलं नाही.