स्वतःचाच गोलपोस्ट मोडून क्लब कसा वाचतो? (ब्रायटन १९९६, आणि आपलं २०१६)

डिचोलीचा_लेफ्टबॅक

मंडळी नमस्कार, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी गेली तीन-चार वर्षं इंग्लंडच्या ब्रायटन क्लबच्या फुटबॉल मॅच बघतो, कारण विचारू नका, लागली सवय. परवा रात्री लाइट गेली, झोप येईना, मोबाइलवर जुने व्हिडिओ बघत बसलो तर १९९६ चा एक सापडला. ब्रायटनचेच लोक ब्रायटनच्याच ग्राउंडवर धावत उतरतायत आणि गोलपोस्ट मोडतायत. मला वाटलं दंगा असेल, तेव्हा इंग्लंडात व्हायचेच. पण खाली कमेंट वाचल्या तर सगळे साठीचे लोक लिहितायत की त्या दिवशी आम्ही क्लब वाचवला, आठवलं की अजून डोळ्यांत पाणी येतं वगैरे. हे माझ्या काही डोक्यात शिरेना. पोस्ट मोडून क्लब कसा काय वाचतो बाबा?

आणि त्यातूनच दुसरं डोक्यात आलं. २०१६ ला साळगावकर, स्पोर्टिंग आणि मग धेंपो, आपले गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगमधून, बाहेर पडले. मी अकरावीत होतो. धेंपो तर त्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून वर चढला होता आणि वर जाऊन खेळलाच नाही! त्या वेळी आपण काय केलं? मला आठवतं ते एवढंच की बाबा पेपर वाचता वाचता "गेलं" म्हणाले आणि पान उलटलं. कोणी उतरलं होतं का कुठे? की मलाच माहीत नाही?

फोंडा_एक्सप्रेस

उतरणार कोण रे? २०१५-१६ ला मी आय-लीगच्या मॅचला गेलोय, स्टँडमध्ये माणसं कमी आणि बाहेर रोस ऑम्लेटच्या गाड्यावर जास्त. आम्ही सगळे ग्राउंडवर उतरलो असतो तरी लोकांना वाटलं असतं बदली खेळाडू वॉर्मअप करतायत.

हॉटेलवाला_काका

लेफ्टबॅक, मी होतो तिथे. गोलपोस्ट मी मोडला नाही हे आधीच सांगून ठेवतो, माझी मुलगी पण हे वाचते.

पर्वरीला हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि ९५ च्या शेवटी होव्हला समुद्रासमोरच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये लागलो. होव्ह म्हणजे ब्रायटनला चिकटूनच, आणि त्यांचं ते गोल्डस्टोन ग्राउंड होव्हमध्येच. आमच्याकडे भांडी घासायला एक जण होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, त्याचा बापही ब्रायटनचा आणि आजाही. त्याने मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मला खरंच कळेना की दर आठवड्याला हरणारी टीम बघायला हे लोक पैसे देऊन का येतात.

भानगड अशी होती की १९९५ ला मालकांनी ग्राउंड विकून टाकलं, दुकानं बांधणाऱ्यांना. नवीन ग्राउंड कुठे? तर कुठेच नाही. त्यात क्लबच्या घटनेत एक कलम होतं की क्लब बंद झाला तर मालमत्तेचे पैसे शेअरवाल्यांच्या खिशात जायचे नाहीत, ते कलम गुपचूप काढलेलं. लोकांनी कागद उकरून ते पकडलं, बोंबाबोंब केली, मग परत घालावं लागलं. म्हणजे पोस्ट मोडायच्या किती तरी आधीपासून कागदाचं भांडण चालू होतं. व्हिडिओत कागद दिसत नाहीत.

२७ एप्रिल १९९६, शनिवार, यॉर्क सिटीबरोबर मॅच. पुढच्या सीझनला कुठे खेळायचं ते ठरलेलं नाही, ही गोल्डस्टोनवरची शेवटचीच असं सगळे धरून चाललेले. मी दुपारची शिफ्ट बदलून घेतली होती. सोळा मिनिटं कशीबशी मॅच झाली आणि एका बाजूने लोक आत यायला लागले, आधी थोडे आणि मग एकदम, आपल्याकडे शिगम्याला रोमटामेळ चौकात घुसतो तसे. खेळाडू आत पळाले. दोन्हीकडचे गोलपोस्ट गेले. मॅच बंद.

मी पण आत गेलो, खोटं कशाला बोलू. आणि मला जे आठवतं ते वेगळंच आहे. आमचा तो भांडीवाला कुठे गेला म्हणून मी बघतोय, तर हा सेंटर सर्कलजवळ वाकून उभा. कोणाच्या तरी बुटाने उपटलेलं गवताचं ढेकूळ त्याने उचललं, खड्ड्यात परत बसवलं आणि बुटाने हळूहळू दाबत होता. मग दुसरं. तिकडे लोक बारला लटकून बार मोडतायत आणि हा इकडे ग्राउंड नीट करतोय. मी हाक मारली तर म्हणाला थांब जरा, एवढं बसवू दे.

पुढचे दोन दिवस टीव्हीवाल्यांनी धू धू धुतलं. पण तोपर्यंत होव्हच्या बाहेर कोणाला काही पडलं नव्हतं, आणि आता सगळ्या देशाला कळलं की ब्रायटन नावाचा क्लब बेघर होतोय. काही दिवसांतच आणखी एक वर्ष त्याच ग्राउंडवर भाड्याने खेळायचं ठरलं. ती अर्धवट मॅच ९ मेला सकाळी अकरा वाजता परत खेळवली, गुरुवारी! यॉर्क ३-१ ने जिंकले.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणजे पोस्ट मोडून क्लब वाचला नाही, एक वर्ष मिळालं. त्या वर्षात काय काय झालं ते नंतर लिहितो, आत्ता मासे आलेत दारात.

टिळक_मैदान_वास्को

काकांचा अनुभव मोठा, मान्य. पण ही असली गोष्ट ऐकून पोरं भारावतात म्हणून दुसरी बाजू सांगतो. ग्राउंडवर उतरणं इंग्लंडात १९९१ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि क्लबला पण फटका बसतो. त्याच ब्रायटनचे लोक पुढच्या सीझनला ऑक्टोबरमध्ये लिंकनच्या मॅचला परत उतरले आणि लीगने ब्रायटनचे २ पॉइंट कापले. सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये, तळाला असलेल्या टीमचे! म्हणजे क्लब वाचवायला उतरलेल्यांनीच क्लब बुडवत आणला होता.

आणि बाकीच्यांचं बघा. २०१५ ला ब्लॅकपूलचे लोक हडर्सफील्डच्या मॅचला उतरले, एक जण तर म्हाताऱ्या माणसांची ती बॅटरीवाली स्कूटर घेऊन ग्राउंडवर, मॅच बंद पडली, पण मालक पुढे कित्येक वर्षं तिथेच. २०१७ ला लेटन ओरिएंटचे उतरले तर त्यांना स्पीकरवरून सांगितलं मॅच रद्द, घरी जा, आणि लोक गेल्यावर रिकाम्या स्टेडियममध्ये उरलेली मिनिटं खेळून घेतली! 😀 हे मात्र मला आवडलं, आपल्या पंचायतीत पण असंच करतात, लोक उठून गेले की ठराव पास.

हां, एक मजेशीर योगायोग. जानेवारी २०२४ मध्ये रेडिंगचे हजारभर लोक मालकाविरुद्ध उतरले, पोर्ट व्हेलबरोबरची मॅच बंद पाडली. कितव्या मिनिटाला? सोळाव्या. क्लब विकला गेला मे २०२५ ला. सव्वा वर्ष लागलं.

दुलेरची_मावशी

मला इंग्लंडातलं काही कळत नाही, पण २०१६ चं विचारलंस म्हणून लिहिते. माझे यजमान दुलेर आणि फातोर्डा स्टेडियमवरची एकही मॅच चुकवायचे नाहीत, मी डबा घेऊन बरोबर.

आपल्याकडे कोणी उतरलं नाही कारण क्लब आपला आहे असं आपल्याला कधी वाटलंच नाही रे. नावंच बघ ना, धेंपो, साळगावकर. शेटचा क्लब. शेटने चालवला, शेटने पैसे घातले, उपकारच केले, पाच वेळा देशात पहिला आला धेंपो, तो काही फुकट आला नाही. मग शेट म्हणाले की दिल्लीवाले, म्हणजे फुटबॉल फेडरेशन, आयएसएल ह्या नव्या लीगला वर बसवणार आणि आम्हाला दुसऱ्या नंबरवर टाकणार तर आम्ही नाही खेळत, तेव्हा आपण कोण विचारणार? शेजाऱ्याने आपली गाडी विकली तर आपण रस्त्यावर आडवे पडतो का? आणि राग तरी कोणावर काढायचा, मालक स्वतःच निषेध म्हणून बाहेर पडले होते.

त्यात २०१२ ला खाणी बंद झालेल्या. डिचोलीचा आहेस तर तुला सांगायला नको, ट्रक दारात उभे राहून गंजले, लोक बँकेचा हप्ता भरू की फुटबॉलचं बघू. फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं तेही त्याच वर्षी, काय तो योग.

पण गोवेकर ग्राउंडवर उतरत नाही असं म्हणू नका. आमच्या गावात शेताच्या कडेला पोरांचं ग्राउंड आहे, तिथे काही तरी बांधायचं घाटत होतं. रविवारची ग्रामसभा. एरवी वीस डोकी असतात, त्या दिवशी बसायला खुर्ची नाही. पोरं सगळी बूट-स्टॉकिंग घालून थेट प्रॅक्टिसवरून आलेली, चिखल हॉलभर. सेक्रेटरी म्हणाले बूट बाहेर काढा, एक पोरगा म्हणाला मग आम्हाला प्रॅक्टिसला कुठे जायचं ते आधी सांगा. चार तास चाललं. ठराव लिहून घेतला, वाचून दाखवायला लावला, मगच उठलो. ग्राउंड अजून आहे. त्यामुळे वास्कोवाल्या भावा, ठराव पास होईपर्यंत उठायचंच नाही!

फोंडा_एक्सप्रेस

मावशी 🙏 तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार.

अजून एक, हे कोणी लिहिलं नाही. आपले क्लब बाहेर पडले म्हणून जागा रिकामी झाली, आणि त्याच सीझनला रेलिगेट झालेल्या, म्हणजे तळाला राहून खाली ढकललेल्या, आयझॉल क्लबला परत घेतलं. आणि ते पुढच्याच वर्षी, २०१६-१७ ला, आय-लीग जिंकले! मिझोरामची पोरं. मी त्या दिवशी टाळ्या पण वाजवल्या आणि रात्री जेवलो पण नाही नीट.

डिचोलीचा_लेफ्टबॅक

आयझॉलचं हे माहीतच नव्हतं, आई शप्पथ. मावशी, शेटचा क्लब हे एकदम पटलं. बाबा "गेलं" म्हणाले ते पण तसंच असणार, दुसऱ्याचं काही तरी गेल्यासारखं. धेंपो २०२४ ला परत आय-लीगमध्ये आला तेव्हा मात्र मला पेपर उघडा ठेवून दाखवला होता. काका, मासे साफ झाले असतील तर पुढचं लिहा.

हॉटेलवाला_काका

बांगडे होते, झाले.

वास्कोवाल्यांनी २ पॉइंटचं बरोबर लिहिलंय. त्या सीझनला टीम तळाला, सगळ्यांनी आशा सोडलेली. तेव्हा प्लायमथच्या एका पोराने नेटवर सुचवलं (९७ साली नेट! आमच्या हॉटेलात एक कॉम्प्युटर होता तो पण बिलांचा) की सगळ्या क्लबच्या लोकांनी आपापले शर्ट घालून एक दिवस ब्रायटनला यायचं. ८ फेब्रुवारी १९९७, हार्टलपूलबरोबर. मी म्हटलं आपण पण आपला क्लब घालू, भावाने पाठवलेला हिरवा टीशर्ट होता, आपल्या वास्कोच्या साळगावकरचा रंग म्हणून तो घातला थंडीत जॅकेटवरून. आता गंमत बघा, प्लायमथचा रंग पण हिरवाच. शेजारच्या माणसाने मला प्लायमथचा समजून मिठीच मारली, तुमच्या पोराने हे जमवलं म्हणाला. मी वास्को वास्को सांगतोय, त्याला वाटलं टीम पोर्तुगालची आहे. ५-० जिंकलो.

गोल्डस्टोनवरची खरी शेवटची मॅच २६ एप्रिलला, डॉनकास्टरबरोबर, १-० जिंकली. मॅच संपल्यावर लोक परत ग्राउंडवर, पण ह्या वेळी पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन. कोणी खुर्ची काढतंय, कोणी पाटी, कोणी गवत पिशवीत भरतंय. माझ्या भांडीवाल्याने लाकडी फळीचे दोन तुकडे केले आणि एक मला दिला.

पुढच्या शनिवारी, ३ मेला, शेवटची मॅच हेरफर्डबरोबर, त्यांच्याच ग्राउंडवर. हरलेला लीगमधून बाहेर, आपल्याला ड्रॉ पुरत होता. मला सुट्टी मिळाली नाही, किचनमध्ये रेडिओ. पहिल्या हाफमध्ये आपल्याच पोराने आपल्याच गोलमध्ये घातला. सेकंड हाफमध्ये रॉबी रेनेल्टने बरोबरी केली, १-१. दोन्ही टीमचे ४७ पॉइंट! पॉइंट सारखे झाले तर तेव्हा त्या लीगमध्ये घातलेले गोल मोजायचे, ते आमचे जास्त; गोल डिफरन्स मोजला असता तर आम्ही गेलो होतो. त्या दिवशी दोन ट्रे बटाटे करपले आणि शेफ काही बोलला नाही.

त्यानंतर पण घर नाहीच. डिक नाइट वगैरे क्लबच्याच चाहत्या मंडळींनी क्लब हातात घेतला, पण दोन वर्षं होम मॅच गिलिंगहॅमला, म्हणजे फातोर्ड्याची मॅच बेळगावला जाऊन बघा असं. मग ॲथलेटिक्सचं एक ग्राउंड, बारा वर्षं. स्वतःचं स्टेडियम २०११ ला. म्हणजे व्हिडिओतली सोळा मिनिटं आणि पुढची पंधरा वर्षं.

आणि हेरफर्ड, ज्यांना आम्ही ढकललं, तो क्लब २०१४ ला कोर्टाने बंद केला. त्यांच्या लोकांनी नवीन काढला, त्याच ग्राउंडवर, खालून सुरुवात करून. त्यांचं मला जास्त लागतं, वय झालं म्हणून असेल.

टिळक_मैदान_वास्को

काका, मी वास्कोचा आहे आणि तुम्ही लंडनच्या बाजूला माझ्या गावाचं नाव ओरडत होता हे ऐकून माझा अर्धा विरोध इथेच मागे. अर्धा कायम.

डिचोलीचा_लेफ्टबॅक

काका तो फळीचा तुकडा आहे का अजून?? फोटो टाका ना.

हॉटेलवाला_काका

आहे रे. दाबोळीला कस्टमवाल्याने बॅगेतून काढून उलटा-सुलटा करून बघितला, हे काय म्हणाला, मी म्हटलं स्टेडियम. सोडलं हसून. बरीच वर्षं शोकेसमध्ये होता. मग घराला रंग काढला तेव्हा बायकोने कुठे ठेवला कोण जाणे, दोन पावसाळे शोधला. सापडला तेव्हा मागच्या दाराखाली होता. आमचं मागचं दार पावसात फुगतं आणि वाऱ्याने आपटतं, त्याला पाचर म्हणून तिने लावला होता, अगदी फिट बसतो. आता काढला की दार आपटतं. पाऊस जाऊ दे, दिवाळीच्या साफसफाईत काढतो आणि फोटो टाकतो.