जुना पीसी 'साफ' करत बसू नका, त्याची हार्ड डिस्क बदला

खुडबुड्या

नात्यात किंवा सोसायटीत 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी एकदा ख्याती झाली की आपले रविवार आपले राहत नाहीत. तक्रार सगळीकडे एकच. चालू केला की चहा करून प्यावा, कप विसळून ठेवावा, तेव्हा कुठे माउस हलतो. आणि मला बोलावण्याआधी घरच्यांनी केलेले उपायही ठरलेले. रिसायकल बिन रिकामा केला, टेम्प फाइली उडवल्या, डेस्कटॉपवरचा पसारा एका फोल्डरात कोंबला. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणारं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. ते लाल अक्षरांत 'हजारो चुका सापडल्या' म्हणतं, आपण घाबरून बटण दाबतो, आणि कॉम्प्युटर होता तेवढाच मठ्ठ राहतो. वर ते सॉफ्टवेअर स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतं ते वेगळंच.

माझं स्पष्ट मत आहे की या साफसफाईचा वेगाशी फारसा संबंध नाही. पटत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. जुन्या पीसीवर हमखास दिसणारं चित्र म्हणजे सीपीयू (प्रोसेसर) दहा टक्क्यांच्या आत, डिस्कच्या रकान्यात मात्र १०० टक्के, आणि त्याच डिस्कचा प्रत्यक्ष वेग बघावा तर सेकंदाला एक-दोन एमबी. गोम तिथेच आहे.

मिनिटाला ५,४०० फेरे (आरपीएम) घेणाऱ्या डिस्कची तबकडी एक फेरा घ्यायला ११ मिलिसेकंद लावते. हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी हेडला योग्य जागी सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. हिशेब केला तर सेकंदाला साठेक फुटकळ वाचनं होतात, त्याहून फार नाही. विंडोज १० ला चालू होतानाच हजारो लहान-लहान तुकडे हवे असतात. शिवाय अपडेट शोधणं, सर्चची सूची बनवणं, डिफेंडरची तपासणी हे सगळे त्याच एका हेडची ओढाताण करतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसल्यामुळे अगदी साधी, साटा जोडणीची एसएसडीसुद्धा हीच कामं सेकंदाला हजारोंनी उरकते.

टेम्प फाइली काढून जागा मिळते. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर तिचा उपयोगही आहे, एरवी नाही. प्रीफेच फोल्डर रिकामा करा म्हणणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. तो विंडोजने लवकर उघडता यावं म्हणून ठेवलेला असतो, उडवलात की पुढच्या वेळी उलट जास्त वेळ लागतो. डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले तुकडे एकत्र लावणं, विंडोज आठवड्याला आपणहून करतं.

तेव्हा २५६ जीबीची साटा एसएसडी टाका, रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. एसएसडी-रॅमचे पैसे आणि एक दुपार, एवढाच खर्च. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर यावं.

हिशेबी माणूस

मला पटत नाही. डिस्कचं गणित बरोबर आहे, पण सल्ला चुकीचा आहे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानाने आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा. तुम्ही ज्या पीसींबद्दल बोलताय ते तिसऱ्या-चौथ्या पिढीचे, म्हणजे २०१२-१४ चे. ज्या यंत्राला सुरक्षा अपडेट येणार नाहीत त्याला चकाचक वेग देऊन तुम्ही साठी उलटलेल्या काकांच्या हातात देणार, आणि काका त्यावर नेटबँकिंग करणार, एफडी मोडणार. संथ पीसीमुळे माणूस वैतागतो, भोकं पडलेल्या पीसीमुळे खातं रिकामं होतं.

दुसरं म्हणजे खर्च तुम्ही म्हणता तिथे थांबत नाही. आज एसएसडी, दोन महिन्यांनी एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) जाणार, मग मदरबोर्डवरचा कपॅसिटर फुगणार. आणि तुमचा रविवार फुकट धरलाय, तो धरू नका. कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले आठव्या-नवव्या पिढीचे छोटे डेस्कटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला रिफर्बिश्ड मिळतात. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. मढ्याला पावडर लावण्यापेक्षा ते बरं.

खुडबुड्या

@हिशेबी माणूस, 'सुरक्षा अपडेट येणार नाहीत' हे अर्धवट आहे. घरगुती वापरासाठी जादा वर्षभराची सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहेत. ३० डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू करा, मग पैसेही लागत नाहीत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा येतो. किती घरांत हे केलंय? कारण सगळे रजिस्ट्री पुसण्यात गुंतलेले.

आणि एसएसडी पीसीबरोबर सती जात नाही. उद्या दुसरा पीसी घेतलात तर तीच काढून त्यात लावा.

स्क्रूड्रायव्हर

माझं सांगलीत दुरुस्तीचं दुकान आहे. दोघांचं वाचलं. दोघांनीही कॅबिनेट न उघडताच निदान केलंय.

गिऱ्हाईक 'स्लो झालाय' म्हणतं तेव्हा त्यात चार वेगळे आजार असतात. पहिला धुळीचा. बाजूचा पत्रा काढला की प्रोसेसरवरच्या पंख्याखाली हीटसिंकच्या पात्यांमध्ये राखाडी नमदा बसलेला दिसतो, बोटाने उचलला तर अख्खा थर एका तुकड्यात निघतो. खालची, उष्णता हीटसिंकला पोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. अशा पीसीत एसएसडी टाकलीत तर लवकर चालू होईल, पण दहा मिनिटांनी व्हिडिओ अडकायला लागणारच. ब्लोअरने उडवा, पण पंख्याची पाती बोटाने धरून. हवेच्या झोताने पंखा गरगर फिरवायची लोकांना हौस असते, त्याने बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. नवीन पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. आणि कॉम्प्युटर टेबलच्या बंद खणातून कॅबिनेट बाहेर काढा. चालू पीसीवर भरतकामाचं कव्हर घालणारी घरं मी आजही बघतो.

दुसरा आजार म्हणजे मरायला टेकलेली डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात पिवळी किंवा लाल खूण दिसली, रीअॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कवरचे खराब तुकडे) वाढत असतील, तर तो पीसी संथ नाही, आजारी आहे. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, बाकी सगळं नंतर. अशा डिस्कवर लोक रात्रभर डीफ्रॅग आणि चेकडिस्क चालवतात आणि सकाळी माझ्याकडे येतात. मग डेटा रिकव्हरीचा आकडा ऐकून मलाच शिव्या.

तिसरा, दोन-दोन अँटिव्हायरस. एक मुदत संपलेला, एक नवा, दोघं एकमेकांना तपासत बसलेले. एकच ठेवा. डिफेंडर आधीपासून आहेच.

चौथा खुडबुड्या म्हणतात तो, फिरत्या डिस्कच्या संथपणाचा. होय, सगळ्यात जास्त तोच निघतो. पण तो चौथाच आहे हे आधी बघून ठरवायचं असतं.

खाडीकाठ

आमच्याकडे कोकणात पाचवा आजार आहे, दमट हवा. पावसाळ्यात पीसी दोन महिने बंद राहिला की नुसता बीप-बीप करतो, स्क्रीन काळी. रॅम काढायची, सोनेरी पट्टी शाळेच्या खोडरबराने पुसायची, परत खट्कन बसेपर्यंत दाबायची. चालू. यावर एसएसडीवाल्यांचं काय म्हणणं?

स्क्रूड्रायव्हर

@खाडीकाठ, चालतं, मीही करतो. पांढरा मऊ खोडरबरच घ्या, शाईचा खरखरीत नको, तो मुलामाच खरवडतो. रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर पीसी चालू ठेवा, आतली ऊब ओल धरू देत नाही.

मनवा

इतके प्रतिसाद आले आणि विंडोजऐवजी फुकट चालणाऱ्या लिनक्सचं नाव नाही? मी परदेशात, आईबाबा नाशिकला. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर एसएसडी टाकून लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बसवली. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पैसे शून्य. आईला ब्राउझर, व्हॉट्सअॅप वेब, यूट्यूब आणि मराठी टायपिंग एवढंच लागतं. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीपासून असतो, उच्चारानुसार टाइप करायचा कीबोर्डही आहे. मुख्य म्हणजे 'तुमच्या पीसीत व्हायरस सापडला, खालील नंबरवर फोन करा' असली पानं उघडून कुणी काही डाउनलोड करायला लावलं, तरी ती विंडोजची एक्सई फाइल तिथे दोनदा क्लिक करून चालत नाही. हिशेबी दादांनी एफडीची जी भीती घातलीय तिला हे अर्धं उत्तर आहे.

हिशेबी माणूस

@मनवा ताई, अर्धंच. 'आमच्या ऑफिसातून बोलतोय, ओटीपी सांगा' म्हणणाऱ्याला तुमच्या आईकडे मिंट आहे की विंडोज, काही फरक पडत नाही. हां, तो मुद्दा नव्या पीसीलाही लागू आहे, हे मान्य.

पण लिनक्सचा खरा अडसर वेगळाच आहे, प्रिंटर. आपल्याकडे घरोघरी आणि झेरॉक्सच्या दुकानात असलेले जुने छोटे लेझर प्रिंटर बघा. त्यातल्या कित्येकांना फक्त त्यांच्या कंपनीचा ड्रायव्हर कळतो, आणि लिनक्ससाठीचा तो ड्रायव्हर एकतर नसतो किंवा वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला असतो. बाबांना सातबारा छापायचा असेल आणि तुम्ही परदेशात झोपलेल्या, तर ते कुणाला विचारणार?

मनवा

सातबारा पीडीएफ असतो, फोनवरून कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवतात. :) प्रिंटरचं मात्र खरं आहे. म्हणूनच आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघायचं असतं. डिस्कवर काही न टाकता वायफाय, आवाज, प्रिंटर, सगळं तपासता येतं. नाही जमलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं.

जुनाट फॉन्ट

तुम्ही सगळे नेट, बँक आणि अपडेटमध्येच अडकलात. माझा डीटीपीचा धंदा आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थेचे वार्षिक अहवाल. पेजमेकर ७ हे २००१ चं सॉफ्टवेअर, आणि मराठीचे जुने नॉन-युनिकोड (आजच्या प्रमाणित अक्षरसंकेताबाहेरचे) फॉन्ट. वीस वर्षांच्या फाइली त्यात आहेत. दुसऱ्या यंत्रावर उघडल्या तर मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, 'मोठ्याच्या पत्रिकेसारखीच धाकट्याची करा, फक्त नावं बदला.' मग मी काय रिफर्बिश्ड पीसी घेऊन त्याला युनिकोडवर व्याख्यान देऊ?

माझा उपाय म्हणजे विंडोज ७, ३२ बिट, ४ जीबी रॅम (त्याहून जास्त त्याला नीट दिसतही नाही) आणि नेटची वायर काढलेली. अपडेट नाहीत, ब्राउझर नाही, कसला वेग कमी होतोय! पीसी जुना होऊन संथ होत नाही, त्याच्यावर नवीन ओझं टाकलं की होतो.

हिशेबी माणूस

@जुनाट फॉन्ट, आणि गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन येतं त्याचं काय? शॉर्टकट व्हायरसला नेट लागत नाही. त्या वीस वर्षांच्या फाइलींची दुसरी प्रत कुठे आहे, तेही सांगा.

जुनाट फॉन्ट

गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह दुसऱ्या पीसीला लागतो, इकडे फक्त माझा. प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे. एवढं कळतं हो, पोटाचा प्रश्न आहे.

चकली

रजिस्ट्री क्लीनरला सगळेच शिव्या देताय, पण सीक्लीनर तर पूर्वी सगळेच वापरायचे. त्यात काय वाईट?

खुडबुड्या

@चकली, २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच सीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी मालवेअर घुसवला होता, आणि ती अधिकृत ठिकाणाहूनच लोकांनी उतरवली. वीस लाखांहून जास्त पीसींवर गेली. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरांच्या वापराला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. जागा हवी असेल तर सेटिंग्जमध्ये स्टोरेज सेन्स आहे, आणि विंडोजची नवी आवृत्ती चढवल्यावर मागे राहिलेला विंडोज-ओल्ड फोल्डर डिस्क क्लीनअपमधून काढता येतो. तो एकटाच कित्येक जीबी असतो.

स्क्रूड्रायव्हर काकांच्या चार आजारांपैकी धूळ मी गृहीत धरली होती, लिहायला हवी होती असं तुम्ही म्हणालात तर हरकत नाही. पण मूळ मत तेच.

स्क्रूड्रायव्हर

मग तुमच्या सल्ल्यात एक ओळ वाढवा, नाहीतर लोक चुकीची वस्तू घेऊन माझ्याकडे येतात. जुन्या पीसीला अडीच इंची साटा एसएसडीच लागते. ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून च्युइंगगमच्या पट्टीसारखी एनव्हीएमई घेतलीत तर तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ती लावायला जागाच नाही. अॅडॉप्टर लावलात तरी बहुतेक बोर्ड त्यावरून बूट होत नाहीत. लॅपटॉप असेल तर डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी नावाच्या चौकटीत जुनी डिस्क बसते, म्हणजे फोटो घरातच राहतात. अर्थात जुनी डिस्क धडधाकट असेल तर.

हिशेबी माणूस

ठीक, मी एक पायरी खाली येतो. तिसऱ्या ते सातव्या पिढीच्या पीसीवर दोष डिस्कचाच असेल तर एसएसडी टाका, रॅम कमी असेल तर ती वाढवा, जादा अपडेटची नोंदणी करा, आणि २०२६ च्या ऑक्टोबरपर्यंत पुढचं ठरवा. पण त्याहून जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या पीसीवर एक रुपया घालायला माझा विरोध आहे. नियम टाळून विंडोज ११ चढवण्याची जी युक्ती फिरते तीसुद्धा तिथे चालत नाही, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून लागणाऱ्या सूचनाच त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. असा पीसी सरळ ई-कचऱ्यात द्या. आणि देण्याआधी डिस्क काढून घ्या. क्विक फॉरमॅट केल्याने आधार आणि पॅनचे स्कॅन पुसले जात नाहीत, फक्त यादी पुसली जाते.

खुडबुड्या

कोअर टू ड्युओसुद्धा नाही द्यायचा. आमच्या सोसायटीतली एक मुलगी शासनाच्या टंकलेखन परीक्षेची तयारी करतेय, मराठी ३० (मिनिटाला ३० शब्द). तिला कीबोर्ड, मॉनिटर आणि मराठी टाइप होणारी एक खिडकी लागते. नेट काढलेला कोअर टू ड्युओ त्याला भरपूर झाला.

हिशेबी माणूस

तिला कीबोर्ड लागतो. तीनशे रुपयांचा कीबोर्ड घ्या आणि घरात जो चालू पीसी आहे त्याला लावा. एका घरात दोन पीसी सांभाळायला लावू नका.